पालथा वाडगा

५ ऑक्टोबर, मठ

मिग्गिन,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाहीतर तिथल्या मासळीच्या हौदात टाक, मिठात मुरेल तरी.

तू मठ सोडून गेल्याला अकरा महिने होत आले आणि हे माझं पहिलं पत्र. आधी ख्यालीखुशाली विचारावी हे मलाही कळतं. पण मला कामाचं विचारायचंय. घाण्याच्या चटया आवळायचा जाड दोर तू कुठे ठेवलास? कोठी धुंडाळली, माळा धुंडाळला, रांजणांच्या मागे हात घालून दोनदा विंचू काढले. दोर नाही. तोडणी चार आठवड्यांवर आली आहे. यंदा जैतुनाच्या फांद्या जमिनीला टेकल्यात आणि चटया रचायला माणूस नाही. म्हणजे माणूस आहे. रुफिन आहे.

सोळा वर्षं तू त्या चटया रचल्यास. लगद्याचा थर, त्यावर चटई, पुन्हा लगदा, पुन्हा चटई, छातीइतका उंच ढीग, आणि ओळंबा लावल्यासारखा सरळ. वरून तुळई उतरली की चारही बाजूंनी तेल सारखं सुटायचं. रुफिनचा ढीग आपल्या म्हाताऱ्या गाढवासारखा एका पायावर उभा असतो. काल सरावाला हिरव्या फळांवर त्याच्याकडून रचून घेतला, तर डावीकडे चार बोटं कललेला. मी पाहिलं आणि गप्प बसलो. आपल्याकडे आता कोणी कोणाला बोलत नाही, ते तुला ठाऊकच आहे.

गेल्या वर्षीचा उन्हाळा तू विसरला नसशील. रुफिन उत्तरेकडून त्या विद्वान बिशपांच्या पत्राची नक्कल घेऊन आला आणि जेवणघरात छाती काढून वाचली. माणूस चांगलं करतो ते देवाच्या कृपेने, चांगलं करावंसं वाटतं तेही कृपेने, आणि शेवटपर्यंत टिकून राहतो तेही त्याच्याच देण्याने. त्या दिवसापासून मठाचे दोन तट पडले. अर्धे म्हणायचे, मग आमच्या घामाला काय अर्थ? उरलेले म्हणायचे, घाम आमचा होताच कधी? आणि रुफिनने तर एक वाक्यच पाठ करून ठेवलं. भांडी घासली नाहीस म्हटलं, की हात जोडून म्हणायचा, "मला दटावू नका, माझ्यासाठी प्रार्थना करा." देव द्यायचं तेव्हा देईलच, तुमच्या ओरडण्याने काय होणार, असा त्याचा हिशेब.

असो. आता वाडग्याचं. तुझा वाडगा माझ्या शेजारी, तुझ्या जागेवर पालथा आहे. २६ नोव्हेंबरला वर्ष भरेल. त्या सकाळी मठाचे प्रमुख म्हणून बाबा इयादेर तो उचलून दारातल्या पहिल्या भिकाऱ्याला देतील आणि तुझी जागा कायमची मिटेल. मग तू रडत आलास तरी भाऊ म्हणून आत घेता येणार नाही. नियम जुना आहे, मी केलेला नाही. मी फक्त कळवतोय. ये असं म्हणत नाही. येणं न येणं तुझ्या हातात नाही आणि माझ्याही, असं मी हल्ली मानतो.

तू गेलास तेव्हा मी प्रार्थनाघरात होतो. मला नंतर कळलं.

विक्तोरिक

ता. क. दोराचं नक्की कळव.


१९ ऑक्टोबर

मिग्गिन,

खेचरवाला बोदो काल आला. मी फाटकापर्यंत धावत गेलो, या गुडघ्यांनी. पत्र नाहीच. नुसता तोंडी निरोप. "दोर कोठीच्या दारावरच्या खिळ्याला आहे. आणि दादाला सांग, मला दटावू नका, माझ्यासाठी प्रार्थना करा."

दोर खरंच तिथे होता. वर्षभर मी त्याच्याखालून जा-ये करत होतो. पण दुसरं वाक्य, मिग्गिन! मी तुला कुठे दटावलं? एक दोर विचारला! रुफिनचं वाक्य तू मला मारतोस, मला, ज्याने तुला अक्षरं शिकवली, वहाणेचा बंद दोन गाठींनी बांधायला शिकवलं, बावीस वर्षांचा होतास तेव्हा हाताला धरून या मठात आणलं?

बोदोला विचारलं, "दिसतो कसा?"

"बरा आहे की. मिठाने हात फुटलेत. अरिसातबाईंच्या हौदावर मासे खारवतो. जेवतो मात्र झकास."

"लग्न केलंय का तिच्याशी?"

"ते मला विचारू नका, भाऊ. मी तेल नेतो, चुगल्या नेत नाही."

अरिसात. म्हणजे तीच विधवा. तेल पोचवायला थाप्सुसच्या बंदरावर गेलास आणि बुधवारचा उपास मोडून जिच्याकडे तू खारा मासा खाऊन आलास, ती. मी तुला त्यावरून बोललो होतो. सगळ्यांदेखत बोललो, हे खरं आहे. घाण्यावर बोललो, विहिरीवर बोललो, जेवणघरात तुझ्या वाडग्यात मसूर वाढताना म्हटलं, "पुरेल ना, का वर मासा हवा?" सगळे हसले. तूही हसलास. निदान मला तसं वाटलं.

तुला पहिल्यापासून मी बोलतच आलोय. चटई वाकडी, स्तोत्र चुकलं, दाढी वाढली, आवाज चढला. तू "हो दादा" म्हणायचास आणि दुसऱ्या दिवशी तेच करायचास. मग रुफिनने एकदा मला सर्वांसमोर विचारलं, "विक्तोरिकभाऊ, सोळा वर्षं ओरडताय. तुमच्या ओरडण्याने सुधारलेल्या एका माणसाचं नाव सांगा." मी तोंड उघडलं, आणि एकही नाव आठवेना. तुझ्याकडे पाहिलं. तू वाडग्याकडे पाहत होतास.

त्या दिवसापासून मी बोलणं सोडलं. मन लावून सोडलं. तीन महिने तुला एक वाकडा शब्द बोललो नाही. खरं तर सरळ शब्दही बोललो नाही, कारण मला बोलायचं म्हणजे वाकडंच येतं. तुला वाटलं असेल, दादा सुधारला. आणि बक्षीस काय मिळालं? तू निघून गेलास. निघताना म्हणे दारात बसून वहाणेचा बंद बराच वेळ बांधत होतास. दारवानाने सांगितलं.

तर मी प्रार्थना करतोच आहे. निरोप पोचला. यापुढे दोर शोधायला तुला त्रास देणार नाही.

विक्तोरिक


६ नोव्हेंबर

मिग्गिन,

हे पत्र पाठवीन की फाडीन, माहीत नाही. लिहिल्याशिवाय मात्र राहवत नाही.

तोडणीचा चौथा दिवस. घाणा सकाळपासून चालू. रुफिनने ढीग रचला. डावीकडे कललेला, सरावात होता तसाच, उलट जास्त, कारण मध्ये दोन चटया त्याने दुमडून घातल्या होत्या. मी तुळईच्या टोकाशी उभा होतो. मला ते स्वच्छ दिसलं. तुळईला वजनाचे दगड बांधायच्या आधी दिसलं, बांधताना दिसलं, तुळई उतरायला लागली तेव्हाही दिसलं. जिभेवर शब्द आला होता. "थांब!" एवढाच. मी तो गिळला. मनात म्हटलं, प्रभू, याला दिसू दे. खरंच म्हटलं, खोटं नाही लिहीत.

ढीग फुटला. तुळई घसरली. रुफिन चटई सरळ करायला हात घालत होता. डाव्या हाताची तीन बोटं.

ती किंकाळी सांगत नाही. बाबा इयादेर धावत आले, दोघांनी त्याला धरलं, तिसऱ्याने वेताच्या काड्या आणल्या. बाबा हाडं बसवत होते आणि रुफिन त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. आजवर मला भाऊ-भाऊ, तुम्ही-तुम्ही करणारा माणूस एकदम अरेतुरेवर आला.

"तुला दिसत होतं ना? तू तिथेच उभा होतास! दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तूच म्हणायचास, दटावू नका म्हणून. मी प्रार्थना करत होतो."

"प्रार्थना!" तो असा हसला की बाबांचा हात हलला. "तोंड काय नुसतं मसूर गिळायला दिलंय तुला देवाने? अरे, एक शब्द! ओरडायचं होतंस! शिवी द्यायची होतीस! आयुष्यभर सगळ्यांवर ओरडलास आणि नेमका आजच संत झालास?"

तेल जमिनीवर पसरत होतं. मी खाली बसून ते फडक्याने टिपायला लागलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. रुफिनचा प्रश्न रुफिनचा नाही, मिग्गिन. तो मी स्वतःला आधीपासून विचारत आलोय. इतके दिवस कोणी तोंडावर विचारला नव्हता.

पुढे लिहवत नाही आज.


१० नोव्हेंबर

मिग्गिन,

वरचं पत्र फाडलं नाही. यासोबतच पाठवतोय. आता दुसरी गोष्ट.

मी तुला खोटं लिहिलं. दोनदा लिहिलं. दारवानाने मला काही सांगितलेलं नाही. दारवान त्या दिवशी तापाने पडला होता, फाटकावर कोणीच नव्हतं, तुलाही ते ठाऊक आहे. मी प्रार्थनाघरात होतो हे खरं, पण गुडघ्यांवर नव्हतो. खिडकीशी उभा होतो.

सगळं पाहिलं. तू गाठोडं भिंतीला टेकवलंस. दगडावर बसलास. आधी उजवी वहाण बांधलीस. मग डावी. मग उजवी सोडलीस आणि पुन्हा बांधलीस. मग गाठोडं सोडून पाण्याचा भोपळा नुसताच हलवून पाहिलास, पुन्हा गाठोडं बांधलंस, पुन्हा वहाणेशी आलास. पाच स्तोत्रं म्हणून झाली असती. दोन गाठींना इतका वेळ लागत नाही. त्या गाठी मीच शिकवल्या आहेत, मला कळत नाही का? आणि शेवटी तू खिडकीकडे बघितलंस. सरळ माझ्याकडे बघितलंस. मी बाजूला सरकलो.

तू वाट बघत होतास. मी बाहेर येऊन ओरडावं याची. "कुठे निघालास, गाढवा, चल आत, चटया तुझा बाप धुणार का?" एवढं म्हटलं असतं तर तू "हो दादा" म्हणून आत आला असतास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काहीतरी चुकवलं असतंस. हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. त्याच क्षणी कळत होतं.

आणि याहून वाईट आहे ते आता लिहितो, नाहीतर कधीच लिहिणार नाही. तुझं मन उडालंय हे मला आदल्या दिवशी कळलं होतं. गाठोडं दिसलं होतं. रुफिनशी माझं कृपेवर बोलणं चाललं होतं तेव्हा. मी पहिल्यांदाच त्याच्या बाजूने बोलत होतो आणि नव्याने बाटलेल्या माणसासारखा त्याच्याहून जोरात बोलत होतो. मी त्याला म्हटलं, "मिग्गिनला कृपेने धरलं असेल तर त्याला कोणी अडवायची गरज नाही. आणि धरलं नसेल तर अडवून उपयोग नाही. बघशील तू." बघशील तू! मी खिडकीत उभा होतो तो माझं म्हणणं खरं ठरतं का ते बघायला. देवाची परीक्षा घ्यायला निघालो होतो आणि त्यासाठी माझा सख्खा भाऊ दारात मांडून ठेवला होता.

तू गेलास. मी जेवणघरात गेलो आणि रुफिनला म्हणालो, "बघ. धरलं नव्हतं." तोसुद्धा गप्प झाला होता, मिग्गिन. रुफिनसुद्धा!

मला तुझी आठवण येते. जेवताना डावीकडे बघवत नाही. तुझ्या पालथ्या वाडग्याच्या बुडावर माशी बसते आणि मी ती हाकलतो, रोज, यापलीकडे वर्षभरात तुझ्यासाठी काही केलेलं नाही.

तुझा दादा


२० नोव्हेंबर

मिग्गिन,

डोकं फिरलंय. तुला सांगितल्याशिवाय थाऱ्यावर येणार नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबांनी उत्तरेला त्या बिशपांना पत्र टाकलं होतं, की आमच्याकडे असा असा गोंधळ माजलाय, कोणी कोणाला दटावू देत नाही, काय करावं. परवा उत्तर आलं. उत्तर कसलं, अख्खी वही! बाबांनी दोन दिवस जेवताना वाचून दाखवली. मसूर थंड, लापशी थंड, सगळे ऐकतायत. सार काय? कृपा खरी, टिकणंही देवाचंच देणं. पण म्हणून दटावू नये असं कोणी सांगितलं? शेवटपर्यंत कोण टिकणार हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही, तेव्हा मायेने प्रत्येकाला दटावावं. देवाला एखाद्याला धरायचं असेल तर तो भावाच्या तोंडूनही धरेल.

सगळ्यांना केवढा आनंद झाला! म्हातारे रडले. रुफिन बांधलेला हात छातीशी धरून उठला आणि सर्वांची माफी मागितली. दोन्ही तट एकमेकांच्या गळ्यात पडले. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. भावाच्या तोंडूनही धरेल! हे एक वर्ष आधी लिहायला काय झालं होतं? खिडकीपासून दारापर्यंत वीस पावलं होती, मिग्गिन. मला वही नको होती. मला ते एक वाक्य त्या सकाळी हवं होतं. आणि खरं सांगू? वही आधी आली असती तरी मी त्यातून उलटंच काहीतरी काढलं असतं. रागाचं मूळ ते आहे.

जेवणानंतर बाबांना गाठलं. म्हटलं, "वाडग्याला चाळीस दिवस वाढवून द्या. आता सगळं स्पष्ट झालंय. मी त्याला लिहिलंय."

"नियमाला तारीख आहे, विक्तोरिक."

"चूक माझी होती, बाबा. मी त्याला अडवलं नाही."

"ठाऊक आहे. खिडकीत मी तुझ्या मागे उभा होतो."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. तुझा भाऊ होता तो." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "मीही गाढवच. त्या वहीला उशीर झाला म्हणून तू चिडतोस, मी ती मागवलीच त्या सकाळमुळे. पण तारीख बदलणार नाही. एकासाठी बदलली तर उद्या नियमच राहणार नाही. २६ तारखेला वाडगा पहिल्या भिकाऱ्याचा. आणि मठाचा वाडगा घेऊन जो दारात येईल त्याला आत बसवून जेवू घालायचं, नाव विचारायचं नाही, हाही नियमच आहे. तू नियमसुद्धा अर्धेच वाचतोस."

म्हातारा कोड्यात बोलतो आणि मला कोडी आवडत नाहीत. जाऊ दे.

बोदो उद्या निघतोय. सहा दिवस उरलेत. तेव्हा आता दटावतो, नीट ऐक. मूर्खा, मठ सोडून मासे खारवायला गेलास? अरिसातशी लग्न करायचं तर कर, पण तोंडावर सांगून कर, चोरासारखा गाठोडं बांधून काय जातोस? आणि जायचं होतं तर वहाणा बांधत काय बसलास, सरळ आत येऊन माझी मानगूट का नाही धरलीस? "दादा, बोल काहीतरी" म्हणायला काय जात होतं? निघ तिथून. पत्र मिळताच निघ. दोन दिवसांची वाट आहे.

दादा


२९ नोव्हेंबर, बुधवार. थाप्सुस, तुझ्या ओट्यावर

मिग्गिन,

तू आला नाहीस. बोदो परतला नाही, तेव्हा पत्र मिळालं की नाही तेही कळलं नाही. २५ तारखेला संध्याकाळच्या प्रार्थनेत बाबांचं ते कोडं अचानक सुटलं. इतका सोपा अर्थ होता की मी तिथेच मोठ्याने हसलो आणि तीन भावांनी मला दटावलं.

रविवारी उजाडताच फाटकाबाहेर जाऊन भिकाऱ्यांत बसलो. तिथे रोज पहिली असते ती आंधळी बाई होती. म्हटलं, "आई, आज मला तुझ्यापुढे बसू दे."

तिने माझा हात चाचपला. "तेलाचा वास येतोय. मठातला ना तू? आत जेवण संपलं की काय?"

"एक वाडगा हवाय."

"मग मला काय मिळेल?"

मी अंगावरची घोंगडी दिली. तिने ती दोनदा हुंगली, कुरकुर केली आणि सरकली. प्रार्थना संपली, बाबा इयादेर वाडगा घेऊन बाहेर आले. मी दोन्ही हात पुढे केले. छप्पन्न वर्षांचा झालो, मिग्गिन, आजवर कोणापुढे असे हात केले नव्हते. प्रार्थनेतही नाही. कसे धरायचे तेही येईना, आंधळीनेच कोपरांना धरून ते वर केले. बाबांनी मला ओळख दाखवली नाही. वाडगा हातात ठेवला, म्हणाले, "घे, बाबा," आणि आत गेले.

निघालो तर आतून आरडाओरडा. रुफिन! फडक्यात बांधलेला हात फाटकावर आपटत. "कुठे निघालात? गुडघे बघितलेत का स्वतःचे? घाणा अर्धा पडलाय, तो कोण बघणार, माझी तीन बोटं? परत या! ऐकू येतं का, विक्तोरिकभाऊ? डोकं ठिकाणावर आहे का?" पहिल्या वळणापर्यंत ओरडत होता. काय बरं वाटलं म्हणून सांगू! दगडावर बसलो आणि रडून घेतलं.

तीन दिवस लागले. दार अरिसातने उघडलं. मी समजत होतो तशी ती नाही. थकलेली आहे, हात तुझ्यासारखेच फुटलेले.

"तुम्ही ते दादा ना?" म्हणाली. "तो आत आहे. भेटायचं नाही म्हणतो."

"माझी पत्रं पोचली?"

"सगळी. बोदोला वाटेत उशीर झाला, शेवटचं कालच आलं, ते मीच वाचून घेतलं त्याच्याकडून. मूर्खा म्हटलंत ना, तिथे हसला आणि मग भिंतीकडे तोंड करून पडला. कालपासून तसाच आहे. मी म्हटलं, जायचं तर जा, राहायचं तर राहा, पण तुळईखाली सापडल्यासारखा पडू नकोस. माझंही ऐकत नाही."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारता? बसा ओट्यावर. भूक लागली असेल."

तिने पाणी दिलं, जवाची भाकरी दिली आणि वर खारा मासा ठेवला. आज बुधवार आहे, उपासाचा. मी मासा खाल्ला. सगळा खाल्ला, काटेही चोखले. इतका चांगला लागतो हे तू त्या वेळी सांगितलं का नाहीस?

बोरू आणि हे पान तिच्याकडूनच मागून घेतलंय. लिहून झालं की दाराखालून आत सरकवतो. तुझा वाडगा उंबऱ्यापाशी ठेवलाय, सरळ ठेवलाय, पालथा नाही. भाऊ म्हणून तुझी जागा आता मठात नाही, ती तारीख गेली. पण हा वाडगा घेऊन कोणीही आलं तर त्याला आत बसवून जेवू घालतात आणि नाव विचारत नाहीत. एकदा ये, शंभरदा ये, तिला घेऊन ये. डावीकडे जागा मोकळीच आहे. नाहीतर येऊ नकोस, त्यातच मासे खा. मी काहीही सिद्ध करायला आलेलो नाही.

मला घाण्यावर परतायला हवं. रुफिन एका हाताने काय दिवे लावत असेल कोण जाणे. तेव्हा मी आता निघतोय. या तुझ्या दारातल्या दगडावर बसलोय आणि वहाणा बांधतोय, दोन गाठी, तुला शिकवल्या त्याच. म्हातारा झालोय, बोटं वळत नाहीत, मला बराच वेळ लागेल. आतून काही बोललास तर ऐकू येईल. शिवी दिलीस तरी चालेल.

उजवीपासून सुरुवात करतोय.

दादा